शेजारच्या टेबलावरचा फोन

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या वाचक भगिनींनी विचारलं आहे: 'आमच्या मजल्यावर एसीची घरघर दिवसभर चालू असते. खिडकीबाहेर बांधकाम चाललंय. त्याचं मला काही वाटत नाही. पण दोन टेबलं सोडून बसणारा सहकारी हळू आवाजात फोनवर बोलू लागला, की माझं काम ठप्प होतं. माझी एकाग्रता कमी पडते का?'

नाही, एकाग्रता कमी पडत नाही. त्यांनी जे टिपलं आहे, ते विज्ञानाच्या दृष्टीने अगदी अचूक निरीक्षण आहे.

गोंगाट म्हटलं की आपण डेसिबल मोजायला धावतो. आपल्याकडचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियमही तेच मोजतात. व्यापारी भागात दिवसा 65 डेसिबलची मर्यादा आहे. कानांचं, झोपेचं, हृदयाचं रक्षण करायला ही मोजपट्टी योग्यच आहे. पण साध्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण 60 डेसिबल असतो आणि चार-पाच मीटरवर त्याहूनही कमी. म्हणजे ज्या फोनमुळे काम थांबतं, तो कोणत्याही नियमात गुन्हेगार ठरत नाही.

1976 साली हर्बर्ट कॉल आणि ॲलन वेल्श या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. सहभागी मंडळींना इंग्रजी अक्षरांची एक मालिका दाखवायची आणि ती त्याच क्रमाने आठवायला सांगायची. त्या वेळी कानावर जर्मन भाषेतला उतारा पडत होता. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हती, आणि आवाजाकडे दुर्लक्ष करा असं बजावलेलंही होतं. तरी चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत त्याहून चकित करणारी गोष्ट दिसली. साधारण 40 ते 76 डेसिबल या टप्प्यात बोलणं हळू असो वा मोठ्याने, नुकसान जवळपास तेवढंच. कुजबुजीनेही स्मृती तितकीच विस्कटते.

असं का व्हावं? वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या डिलन जोन्स यांनी याचा सर्वांत पटणारा उलगडा केला. एकच अक्षर, 'क, क, क, क' असं ऐकवत राहिलं तर फारसं बिघडत नाही. 'क, म, त, ल' असं बदलत गेलं, की क्रम मोडतो. हार ओवणारी बाई डोळ्यांसमोर आणा. झेंडू, शेवंती, पान, पुन्हा झेंडू, असा क्रम तिने मनात धरला आहे. कुणी तिच्या परडीत सारखा झेंडूच टाकत राहिलं, तर थोड्या वेळाने तिचा हात त्याकडे बघेनासा होतो. पण दर क्षणी वेगळं फूल येऊन पडू लागलं, तर त्या फुलांचाही एक क्रम तयार होतो आणि तिच्या क्रमात मिसळतो. तिने मागितलेलं नसूनही तो सुईपर्यंत पोचतो. मोबाइलवर आलेला ओटीपी टाइप होईपर्यंत आपण तो मनात घोळवतो, कोडची ओळ किंवा हिशेबाचा आकडा धरून ठेवतो, तेव्हा आपण हे ओवण्याचंच काम करत असतो. एसीची घरघर म्हणजे एकाच जातीचं फूल. माणसाचं बोलणं मात्र अक्षरागणिक बदलतं. लोकलच्या डब्यातल्या गलक्यात निवांत पेपर वाचता येतो, तोही याचमुळे. अनेक आवाज एकमेकांत मिसळले, की त्यांतले चढउतार सपाट होतात. त्रास देतो तो वेगळा उमटणारा एकटा आवाज.

त्यातही फोन विशेष वाईट. 2010 साली कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना बारीक लक्ष द्यावं लागणारं काम दिलं. दोघांचं पूर्ण संभाषण ऐकू आलं तेव्हा कामावर परिणाम झाला नाही. एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं, तेव्हा झाला. तेच बोलणं शब्द कळणार नाहीत असं गाळून ऐकवलं, तर परिणाम नाहीसा झाला. पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज बांधण्यापासून मेंदूला रोखता येत नाही.

याचा गाभा एका बाईंनी त्याआधी दीडशे वर्षं लिहून ठेवला होता, आणि ध्वनीच्या इतिहासात त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं. त्या म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. 1859 सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या त्यांच्या छोट्या पुस्तकाचं चौथं प्रकरण केवळ आवाजावर आहे. रोग्याला आवाजाच्या मोठेपणाने सहसा इजा होत नाही, मनात अपेक्षा जागवणाऱ्या आवाजाने होते, असा त्यांचा सिद्धांत. घराला लागून बांधकामाची परांची उभी राहत असेल तर रोगी ते निभावतो. पण दाराबाहेरचं बोलणं, त्यातही ओळखीच्या माणसाची कुजबुज त्याला सोसत नाही, कारण नकळत तो कान ताणून ऐकू लागतो. म्हणून खोलीत कुजबुजणाऱ्या नातेवाइकांवर आणि डॉक्टरांवर त्या कडाडून टीका करतात. बांधकाम चालेल, कुजबुज नको: आपल्या वाचक भगिनींचं पत्र आणि हे प्रकरण यांत किती साम्य आहे पाहा! हातात दिवा घेतलेली दयाळू परिचारिका एवढीच नाइटिंगेल यांची प्रतिमा आपण पाठ्यपुस्तकांतून जपली. त्या लंडनच्या सांख्यिकी सोसायटीच्या पहिल्या स्त्री सदस्य होत्या, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि आवाजाविषयी त्यांनी प्रयोगशाळेविना, नुसत्या निरीक्षणातून मानसशास्त्राला मागे टाकलं होतं. हे श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

'सवय होते हो' असं व्यवस्थापक म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. 2000 साली गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी कारकुनी काम करणाऱ्या 40 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन तास खुल्या ऑफिसातल्यासारखा मध्यम आवाज. 'जास्त ताण आला' असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या शरीरातलं ॲड्रेनलिन वाढलं होतं, आणि नंतर दिलेली न सुटणारी कोडी त्यांनी शांततेत बसलेल्यांपेक्षा लवकर सोडून दिली. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं होत नाही.

मग आवाज मारणारे हेडफोन? या तंत्राचं पेटंट जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना 1936 साली अमेरिकेत मिळालं. 1978 साली विमानप्रवासात इंजिनाच्या आवाजाने बेजार झालेल्या अमर बोस यांनी, एका बंगाली क्रांतिकारकाच्या मुलाने, ते पुढे नेलं. आलेल्या लहरीच्या नेमकी उलटी लहर सोडून ती पुसायची, ही कल्पना सुंदर आहे. पण 100 हर्ट्झच्या घरघरीची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तर 2000 हर्ट्झची जेमतेम 17 सेंटिमीटर. एवढ्या आखूड लहरीशी अचूक मेळ घालणं फार अवघड. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं याच वरच्या पट्ट्यात असतात. तिथे कानावरची गादी अडवेल तेवढंच. उलट घरघर पुसली गेल्याने उरलेलं बोलणं कधीकधी अधिक स्पष्ट होतं. त्यावर गाणं लावाल, तर त्याचे शब्द पुन्हा तेच नुकसान करतात. विमानासाठीचं हे उत्तम साधन ऑफिसच्या बोलण्यावरचा रामबाण उपाय म्हणून विकलं जातं, ते मला पटत नाही.

खुलं ऑफिस केलं की माणसं एकमेकांशी जास्त बोलतील, हा दावाही तपासला गेला आहे. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी 2018 साली दोन मोठ्या कंपन्यांतली मोजमापं प्रसिद्ध केली. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले.

उपाय आहे, आणि तो मोजताही येतो. बोलणं किती कळतं यासाठी 0 ते 1 असा एक निर्देशांक आहे. फिनलंडच्या वाल्टेरी होंगिस्टो यांनी 2005 साली दाखवलं, की तो 0.2 च्या वर जाऊ लागला की कामगिरी घसरू लागते. 2012 साली आलेल्या आयएसओ 3382-3 या मानकाने त्याच निर्देशांकावरून खुल्या ऑफिससाठी व्यत्ययाचं अंतर ठरवलं: बोलणाऱ्यापासून किती मीटरवर हा निर्देशांक 0.5 च्या खाली जातो? पाच मीटरच्या आत गेला तर ऑफिस चांगलं, दहाच्या पलीकडे गेला तर वाईट. हे अंतर कमी करायचं तर सर्वांत आधी छत. उघड्या काँक्रीटचं छत आणि काचेच्या भिंती दिसायला आधुनिक असतात, पण शब्द दूरवर नेऊन सोडतात. ध्वनी शोषणारं फॉल्स सीलिंग, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच पडदे, फोनसाठी बंद खोल्या, आणि 40 ते 45 डेसिबलचा एकसुरी सरसर आवाज या चारही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. नुसती शांतता केली, तर दूरचे शब्द उलट अधिक ठळक होतात.

तोवर वाचक भगिनींनी क्रम लक्षात ठेवायची कामं मजला रिकामा असलेल्या वेळेत उरकावीत, आणि हेडफोनमध्ये गाण्याऐवजी पावसासारखा एकसुरी आवाज हळू लावावा. पण जबाबदारी त्यांची एकटीची नाही. ऑफिसची जागा ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: खुर्च्यांचा रंग निवडण्याआधी आपल्या मजल्याचं व्यत्ययाचं अंतर मोजून घ्या. आणि कर्मचाऱ्यांनो, तो आकडा मागा. तुमच्या एकाग्रतेला दोष देण्याआधी छताकडे बघण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.