तीन व्होल्टच्या मोटारीला साठ व्होल्ट!

नांदेड–हिंगोली आणि नागपूर–तुळजापूर हे हमरस्ते वारंगा फाट्यावर भेटतात. मुलूख हळदीचा. इथल्या किराणा दुकानातून हळद पावडरच्या एकाच छापाच्या दोन पुड्या घ्या आणि एकमेकींवर ठेवा. लांबी सारखी! फिल्मचा रोल ओढणाऱ्या यंत्राला नेमकं कुठे थांबायचं हे कळतं कसं?

अनेक पॅकिंग यंत्रांत हे काम स्टेपर मोटार करते. ती पावलं टाकते, एका फेऱ्यात सहसा २००. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर त्या प्रत्येक पावलाचेही आठ तुकडे करू शकतो. झाले १६००! रोलरचा घेर १६० मिलिमीटर असेल, तर एका पल्सला, म्हणजे अशा एका तुकड्याच्या इशाऱ्याला, फिल्म सरकते मिलिमीटरचा फक्त दहावा भाग. १२० मिलिमीटरची पुडी हवी? मोजून १२०० पल्स पाठवा.

आता एक मोठी मोटार घेऊ. तिच्या वेटोळ्याला लागतात ५ अँपिअर, रोध ०.६ ओहम. गुणाकार केला तर ३ व्होल्ट पुरेत. मग जाणकार तिला ६० व्होल्ट का जोडतात? जळणार नाही का ती?

वेटोळ्याचा स्वभाव हट्टी असतो, ते प्रवाहाला एकदम आत शिरू देत नाही. काळ्या मातीत रुतलेल्या बैलगाडीसारखं, आधी जोराचा हिसका लागतो. एकदा चाक सुटलं की थोडी ओढही पुरते. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला १००० पावलं. एका पावलाच्या वाट्याला आला एक मिलिसेकंद. वेटोळ्याचा हा हट्ट ४ मिलिहेन्रीचा असेल, तर ३ व्होल्टवर तेवढ्यात एक अँपिअरही भरत नाही. मोटार नुसती गुरगुरते. ६० व्होल्टवर मात्र पाचही अँपिअर मिलिसेकंदाच्या एक तृतीयांशात हजर!

आणि ती जळत का नाही? प्रवाह ठरल्या आकड्याला टेकला की ड्रायव्हर वीज तोडतो, उतरला की पुन्हा जोडतो. सेकंदाला हजारो वेळा. मोटार थांबलेली असताना बरेच ड्रायव्हर प्रवाह आपणहून निम्म्यावर आणतात.

म्हणून ड्रायव्हर घेताना आधी अँपिअर पाहायचे: मोटारीला लागतात तेवढे तरी हवेतच. व्होल्टचा ढोबळ हिशेब असा: मिलिहेन्रीचं वर्गमूळ गुणिले ३२. आपल्या मोटारीला ६४. पण ६४ ची मर्यादा असलेला ड्रायव्हर नको, ८० चा घ्या. कारण थांबताना मोटार क्षणभर जनित्र होते आणि वीज उलटी ढकलते!

चार वायरींत जोड्या कोणत्या? मोटार सुटी असताना दोन वायरींची टोकं जुळवा आणि दांडा हाताने फिरवा. जड झाला? सापडली जोडी! तुमच्याच हाताने तयार झालेली वीज तुम्हाला अडवते आहे. एका जोडीची टोकं अदलाबदल केली की मोटार उलटी फिरते. मात्र वीज चालू असताना मोटारीची वायर कधीच उपसू नका. वेटोळ्याचा उसळलेला दाब ड्रायव्हर मारू शकतो.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. साध्या स्टेपरला ड्रायव्हर कधीच विचारत नाही, ‘पोचलीस का?’ व्होल्ट कमी पडले, पावलं हुकली, तरी १२०० पल्स गेले म्हणजे काम झालं असं तो धरून चालतो. पुडी आखूड निघाली की दोष रोलरवर येतो. चूक मात्र ड्रायव्हर निवडला त्याच दिवशी झालेली असू शकते.