कोळंबीचं डोकं काळं का पडतं?

मंडळाच्या सहलीच्या आदल्या दिवशी एका वहिनींनी बाजारातून आणलेली कोळंबी उघडली आणि त्यांचा चेहराच पडला. डोक्यांवर आणि पायांजवळ काळे डाग! "टाकून देऊ का हो?" असा त्यांचा फोन आला. त्यांच्या धाकट्याला दमा आहे, त्यामुळे काळजी जास्त. उत्तर द्यायचं तर कोळंबीच्या शरीरात जरा डोकवायला हवं.

आपण गोवराची लस घेतली की शरीर तो शत्रू लक्षात ठेवतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. कोळंबी, खेकडे, शेवंड यांच्याकडे अँटिबॉडी नसतात. त्यांची सारी भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवर. मग शत्रू ओळखायचा कसा?

इथे लेक्टिन कामाला येतात. जंतूंच्या अंगावर निरनिराळ्या साखरांचे रेणू असतात. ठराविक साखर ओळखून तिला चिकटणारं प्रथिन म्हणजे लेक्टिन. हे नाव १९५४ साली विल्यम बॉइड यांनी रूढ केलं; मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'निवडणं'. कोळंबीच्या रक्तात अनेक प्रकारची लेक्टिन असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना चिकटण्यासाठी कॅल्शियम लागतं. ती जंतूंच्या गुठळ्या करतात आणि रक्तपेशींना 'याला गिळा' अशी खूण करून देतात.

लेक्टिन आणि त्यांच्यासारख्या इतर पहारेकरी प्रथिनांनी इशारा दिला की फिनॉलऑक्सिडेज नावाचं एन्झाइम जागं होतं. त्यातून मेलॅनिन हे काळं द्रव्य तयार होतं, जखम बुजते आणि जंतू त्यात कोंडले जातात. कोळंबी मेल्यावरही हे एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काम करत राहतं. वहिनींना दिसलेले डाग ते हेच! ते स्वतः अपायकारक नाहीत. मात्र कोळंबी पकडून बराच वेळ झाला किंवा बर्फ कमी पडला, असा त्याचा अर्थ असू शकतो. तेव्हा वास घ्या, हात लावून पाहा. उग्र वास किंवा बुळबुळीतपणा असेल तर सरळ टाकून द्या.

आता महत्त्वाची गोष्ट. डाग पडू नयेत म्हणून कोळंबी अनेकदा सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. दमा असलेल्या काही जणांना सल्फाइटमुळे जोराचा झटका येऊ शकतो. अमेरिकेत हे प्रमाण दहा लाखांत १० भाग किंवा अधिक असेल तर लेबलवर लिहिणं बंधनकारक आहे. सुटी कोळंबी घेताना दुकानदाराला विचारा. म्हणजे पांढरीस्वच्छ कोळंबी चांगलीच असेल असं नाही!

या जन्मजात संरक्षणालाही मर्यादा आहेत. १९९० च्या दशकात आशियातल्या तलावांत 'व्हाइट स्पॉट' विषाणू पसरला. एकदा लागण झाली की ३ ते १० दिवसांत अख्खा तलाव रिकामा होऊ शकतो. माणसाला या विषाणूची बाधा होत नाही. पण रोगाच्या भीतीने काही ठिकाणी अँटिबायोटिक वापरली जातात. विषाणूवर ती चालतच नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोळंबीपालनासाठी एकाही अँटिबायोटिकला मान्यता दिलेली नाही आणि अंश सापडलेला आयात माल नाकारला जातो.

दोन गैरसमजही दूर करू. कोळंबी खाऊन तिची प्रतिकारशक्ती आपल्याला मिळत नाही. तिची लेक्टिन इतर प्रथिनांसारखीच शिजतात आणि पचतात. आणि कोळंबीच्या अ‍ॅलर्जीचं मुख्य कारण लेक्टिन नसून ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतलं प्रथिन आहे. ते शिजवूनही टिकतं. म्हणून अ‍ॅलर्जी असलेल्यांनी 'नीट उकळली आहे' या भरवशावर राहू नये. खेकडे आणि शेवंडही डॉक्टरांना विचारूनच खावेत.

वहिनींच्या कोळंबीला वास नव्हता, पण पिशवीवर बारीक अक्षरांत सल्फाइट लिहिलेलं होतं. सहलीत आम्ही कालवणावर ताव मारला. धाकट्यासाठी मात्र वेगळी अंडाकरी केली होती.