खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी मुक्त शैली कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक होय.

बालपण व शिक्षण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान असल्याने कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनातही त्यांनी भाग घेतला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना त्यांच्या कुस्तीला खरे वळण लागले. अंगकाठी लहान असली तरी चपळाई आणि डावांवरील हुकमत ही त्यांची बलस्थाने होती. प्रतिस्पर्ध्याचे डोके बगलेत पकडून त्याला फेकण्याचा 'ढाक' हा डाव त्यांचा विशेष आवडता होता.

लंडन ऑलिंपिक, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबांना लंडनला जाता आले. तोवर त्यांचा सराव तांबड्या मातीच्या आखाड्यातच झालेला होता. मातीतल्या कुस्तीत चीतपट हाच निकाल. गादीवर मात्र प्रत्येक पकडीला गुण असतात आणि वेळेचेही बंधन असते. या अनोळखी नियमांशी जुळवून घेत त्यांनी फ्लायवेट (५२ किलो) गटात सहावा क्रमांक मिळविला.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

लंडनहून परतल्यावर त्यांनी वरच्या वजनगटाची तयारी सुरू केली. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाल्याची त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितल्यावर त्यांना पुन्हा चाचणी देण्याची संधी मिळाली आणि ती त्यांनी जिंकली. त्यानंतर प्रश्न होता तो पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममादबेयोव्ह यांच्याकडून मात्र त्यांना पराभव पत्करावा लागला. एक दीर्घ लढत संपताच पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुढच्या लढतीस उतरविण्यात आले, आणि त्यांची बाजू मांडण्यास तेथे एकही भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता, असे सांगितले जाते. इशी यांना सुवर्ण, ममादबेयोव्ह यांना रौप्य व खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

परतल्यावर कराड ते गोळेश्वर अशी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले व त्यांतून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले.

पोलीस सेवा व अखेरची वर्षे

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना तिसऱ्या ऑलिंपिकला मुकावे लागले. पुढे त्यांनी पोलीस दलातील मल्लांना मार्गदर्शन केले. सेवेत बढतीसाठी त्यांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. निवृत्तीच्या वेळी ते सहायक पोलीस आयुक्त होते. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या क्रीडाज्योत दौडीत त्यांचा समावेश होता. १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान व वारसा

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ४४ वर्षे थांबावे लागले. १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली सुशील कुमार यांनी जिंकले. खाशाबांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्ती संकुलास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात 'राज्य क्रीडा दिन' म्हणून साजरा केला जातो.