रांजणातले प्राणिशास्त्र

नगर-कल्याण महामार्गावर आळेफाट्याहून पूर्वेकडे निघाले की रस्ता आणे घाट चढून पठारावर येतो. खाली कुकडीच्या कालव्यांवर ऊस आणि टोमॅटो, तर वर आणे, पेमदरा, नळवणे ही गावे पावसाच्या भरवशावर. उन्हाळ्यात इथे टँकर येतो आणि घरोघरी टाक्या, पिंप, रांजण भरून ठेवले जातात. या गावांतली विज्ञान शाखेची मुले-मुली घाट उतरून कॉलेजला जातात. तिथे प्राणिशास्त्राच्या पेपरात त्यांची गाठ पडते प्रोटिस्टा आणि अपृष्ठवंशीय प्राण्यांशी. नावे परकी, प्राणी न पाहिलेले. वर्गीकरण घोकायचे आणि ऐन पेपरात एका संघाची लक्षणे दुसऱ्याला चिकटवायची, हे अनेकांच्या बाबतीत ठरलेलेच.

पहिली अडचण भाषेची असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांपुढे पदवीला एकदम इंग्रजी पुस्तक येते. खरे तर शाळेतली मराठी नावे इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यातली बहुतेक मूळ ग्रीक-लॅटिन शब्दांचा सरळ अर्थच सांगतात. पोरिफेरा म्हणजे छिद्रे धारण करणारे, आपले रंध्रीय. आर्थ्रोपोडा म्हणजे सांधे असलेले पाय, आपले संधिपाद. प्लॅटीहेल्मिंथिस म्हणजे चपटे कृमी, मोलस्का म्हणजे मऊ अंगाचे, एकायनोडर्माटा म्हणजे काटेरी कातडीचे. नेमॅटोडामधला ‘नेमा’ म्हणजे धागा. वहीच्या एका पानावर ही जोडी मांडली की निम्मी धास्ती जाते. मराठी माध्यमाची मुले इथे उगीचच स्वतःला कमी लेखतात.

दुसरे काम म्हणजे प्रत्येक संघाला तेच प्रश्न विचारणे. पेशींचे थर किती? शरीराची सममिती कोणती? देहगुहा आहे का? अन्ननलिकेला तोंड आणि गुदद्वार अशी दोन टोके आहेत की एकच वाट? या उत्तरांचा तक्ता स्वतः तयार केला, की चपट्या कृमीला देहगुहा नाही आणि गांडुळाला आहे, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. प्रोटिस्टांचा मामला मात्र निराळा. हेकेलने 1866 मध्ये त्यांच्यासाठी वेगळी सृष्टी मांडली, व्हिटेकरने 1969 मध्ये पाच सृष्टींत त्यांना जागा दिली. आजचे वैज्ञानिक या गटाला एका वंशाचा मानत नाहीत. परीक्षेत अभ्यासक्रमातले वर्गीकरण लिहावे आणि ही एक ओळ शेवटी जोडावी.

पॅरामेशियम पाहायला प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाची वाट बघायला नको. मूठभर वाळलेले गवत किंवा कडबा पाण्यात उकळून गार करायचा, त्यात डबक्याचे थोडे पाणी घालून बरणी सावलीत ठेवायची. आधी जिवाणू वाढतात, मग ते खाणारे सूक्ष्मजीव, आणि काही दिवसांत पॅरामेशियम. काळ्या कागदापुढे बरणी धरली तर ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे हलताना नुसत्या डोळ्यांनाही जाणवतात. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकले की त्यांची धावपळ अडते आणि आकुंचनशील रिक्तिका उघडझाप करताना दिसते. ती एकदा पाहिली की आकृतीत तिची जागा चुकत नाही. बरणी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, हे सांगायला हवेच.

पुस्तकात जेलीफिश समुद्रात राहतो असे असते. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णेच्या उपनद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर त्याचे भाऊबंद आफ्रिकेतच असल्याचे मानले जाई. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांचेच नाव आहे.

सर्वाधिक गुण जातात ते जीवनचक्रांत. बाणांची वर्तुळे पाठ केली की एक बाण हमखास उलटा पडतो. त्यापेक्षा साखळी नेमकी कुठे तुटते, हे शोधत वाचावे. नारूचे उदाहरण घ्या. आजीच्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पायावरच्या फोडातून जवळजवळ मीटरभर लांबीची मादी बाहेर येई. जळजळ शमवायला रुग्ण पायविहिरीत पाय बुडवी आणि मादी पाण्यात अळ्या सोडी. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा बारीक संधिपाद खाई आणि तेच पाणी कोणीतरी पिई. सुमारे वर्षाने पुन्हा फोड. ना लस, ना औषध. तरीही भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये नोंदला गेला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे थांबवणे, एवढ्याने एक दुवा तुटला. गोलकृमी आणि संधिपाद, दोन्ही संघांची उजळणी या एका रोगात होते.

हिवतापाच्या चक्रात ठरलेली चूक म्हणजे माणसाला अंतिम पोशिंदा लिहिणे. प्लाझमोडियमच्या नर-मादी पेशींचे मीलन डासाच्या पोटात होते, म्हणून अंतिम पोशिंदा डास, माणूस मधला. डासाच्या पोटातला हा परजीवी रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादमध्ये पाहिला.

आणि डास तर पठारावरच्या पिंपातच मिळतो. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा, असे आरोग्य विभाग सांगतो, कारण अंड्याचा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. टँकरचे पाणी ओतून देणे मात्र इथे कोणाला परवडणार? मग पिंपाचे तोंड फडक्याने घट्ट बांधणे, हाच उपाय. त्याआधी पेलाभर पाण्यात काही अळ्या काढून घ्याव्यात. ॲनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते, क्युलेक्सची डोके खाली करून तिरपी लटकते. प्रात्यक्षिकात हाच फरक विचारतात. आकृती पेन्सिलीने काढून नावे दिली, की अळ्यांना पंख फुटण्याआधी तो पेला अंगणातल्या तापलेल्या मातीवर रिकामा करायचा.