फाटक्या कोटातील सज्जन

आमच्या वडगाव निंबाळकरच्या परिसरात यात्रेचे दिवस आले, की तमाशाचा फड उभा राहतो आणि वगातील सोंगाड्या बोलू लागला, की सारा गाव पोट धरून हसतो. सोंगाड्याचे बळ त्याच्या जिभेत असते. मग एक शब्दही न उच्चारता लोकांना हसविता येईल काय? आणि हसविता हसविता त्यांच्या डोळ्यांत पाणी आणता येईल काय? चार्ली चॅप्लिन या नटाने ही किमया करून दाखविली.

चॅप्लिनचा जन्म १८८९ साली झाला. त्याचे बालपण लंडनमध्ये अत्यंत दारिद्र्यात गेले. वयाच्या सातव्या वर्षी त्याला निराधारांच्या आश्रमात राहावे लागले. पुढे अमेरिकेत १९१४ साली त्याने पडद्यावर एक भटक्या उभा केला. तंग कोट, ढगळ विजार, मोठाले बूट, लहानशी गोल टोपी आणि हातात वेताची छडी! खिशात दमडी नाही. पण वागण्यात अदब मात्र मोठ्या घरच्या गृहस्थाची. या विसंगतीतूनच त्याचा विनोद जन्मास आला.

तो काळ मूकपटांचा होता. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' हाही मूकपटच. पुढे बोलपट आले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा आपल्या देशातील पहिला बोलपट झळकला. त्याच वर्षीच्या ३० जानेवारीस चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' अमेरिकेत प्रदर्शित झाला होता. त्यात संगीत होते, परंतु संभाषण नव्हते. भटक्या बोलू लागला तर तो एका भाषेचा होईल. न बोलणारा भटक्या मात्र साऱ्या जगाचा राहील, अशी चॅप्लिनची धारणा होती.

या चित्रपटातील फुलवाली अंध आहे. ती भटक्याला श्रीमंत समजते, असे दाखवावयाचे होते. शब्दांवाचून हे कसे दाखवावे? चॅप्लिनने तोडगा काढला. पोलिसाला चुकविण्यासाठी भटक्या रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारीत एका बाजूने शिरतो व दुसऱ्या बाजूने उतरतो. मोटारीचे दार लावल्याचा आवाज ऐकून मुलीला वाटते, कोणी धनिक उतरला! हा प्रसंग मनासारखा साधावा म्हणून चॅप्लिनने त्याचे चित्रण तीनशेहून अधिक वेळा केले.

त्या मुलीच्या डोळ्यांवर उपचार व्हावेत म्हणून भटक्या रस्ते झाडतो, मुष्टियुद्धातही उतरतो. एक लक्षाधीश मद्याच्या धुंदीत त्याला मित्र म्हणून कवटाळतो आणि शुद्धीवर आला, की ओळखही देत नाही. त्याने धुंदीत दिलेल्या पैशांपायी भटक्यावर चोरीचा आळ येतो. ते पैसे मुलीच्या हाती ठेवून तो तुरुंगात जातो.

तुरुंगातून सुटतो तेव्हा त्याचे कपडे पार फाटलेले असतात. रस्त्यावरची पोरे त्याची टिंगल करतात. समोरच्या फुलांच्या दुकानातून एक तरुणी ती गंमत पाहून हसते. ही तीच मुलगी! आता तिला दिसते. पण दिसतात त्या केवळ चिंध्या. दया येऊन ती त्याला एक फूल देते, नाणे देते. नाणे तळहातावर ठेवताना त्या हाताचा स्पर्श तिला होतो आणि तिचे हसू थांबते. डोळ्यांनी जे ओळखले नाही, ते बोटांनी ओळखले!

चित्रपट येथेच संपतो. त्या क्षणी प्रेक्षकाच्याही ध्यानात येते, की इतका वेळ आपणही या फाटक्या माणसाला हसतच होतो. चारचौघांत न बसणारी, वेंधळी, अबोल माणसे प्रत्येक गावात, प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या फजितीचे हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु हसून झाल्यावर त्यांचा हात हाती घेण्याइतके आपण जवळ जातो काय? शब्दांवाचून चॅप्लिनने विचारलेला प्रश्न तो हाच.