आमिष पारखायचं ते पाण्यात

दुकानातली चकाकी माणसाला भुलवते, बास माशाला नव्हे. १९४९ मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरी निक क्रीम यांनी घरच्या स्वयंपाकघरात मऊ प्लास्टिकचं गांडूळ घडवलं. नवशिक्याने आजही सुरुवात त्यानेच करावी. गळाचं टोक त्याच्या अंगातच लपवलं, की पाणवनस्पतींत, बुडालेल्या फांद्यांत ते सहसा अडकत नाही. आधी काठच्या नितळ पाण्यात सोडून बघा: तंगूस जरासा ओढताच शेपूट वळवळली पाहिजे. नुसतं काडीसारखं सरकलं तर बाजूला ठेवा. गढूळ पाण्यात काळं किंवा गडद निळं घ्यावं, जाड शेपटीचं. तिथे बासला आमिष दिसण्याआधी त्याची थरथर जाणवते. आणि फाटलेलं गांडूळ तळ्यात टाकू नका. मासे ते गिळतात.