पिपाणीवाल्या आजी

मैत्रिणींनो, 2 जुलै 2019 ची भारत-बांगलादेश मॅच आठवते? बर्मिंगहॅमच्या मैदानात, गालावर तिरंगा रंगवून पिपाणी फुंकणाऱ्या चारुलता पटेल? वय 87! कॅमेरा सारखा त्यांच्यावरच. जिंकल्यावर कोहली, रोहित शर्मा त्यांना येऊन भेटले.

आमच्या सासूबाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. तरी म्हणाल्या, "एवढ्या गर्दीत हिला आणलं कुणी गं?"

मी गप्पच. महिला मंडळाच्या सहली मीच काढते, पण गुडघे दुखतात म्हणून यांना कधी विचारलंच नव्हतं.

13 जानेवारी 2020 ला चारुलताबेन गेल्या. बातमी वाचून दाखवली, तर सासूबाई म्हणाल्या, "मॅच बघून गेली ना!"

त्याच आठवड्यात मंडळाचा तिळगूळ होता. रिक्षा बोलावली, आधी सासूबाईंना बसवलं.